दुधनी, फलाट नऊ

तीस वर्षं मी सोलापूरच्या एसटी स्टँडवर
काचेच्या एका खोलीत बसून
गावांची नावं घेतली.
मोहोळ, बोरामणी, कुंभारी,
ही ओठांवरची गावं. सोपी.
दुधनी, तुळजापूर, नळदुर्ग,
यांना दात लागतात.
तेव्हा होते, म्हणून कळलं नाही.

रिटायर झालो त्याच साली कवळी बसवली.
सात वर्षं गुण्यागोविंदानं राहिली,
मग हलायला लागली.
आधी खोकताना, मग हसताना,
मग नुसतं 'नको' म्हणतानासुद्धा.
शेंगाचटणीचा कण खाली अडकला
की डोळ्यांत पाणी,
आणि सून म्हणायची, तिखट कमी घालते उद्यापासून.
कडक भाकरी आमटीत बुडवून
ती मऊ होईस्तोवर
इतरांचे जबडे बघत बसायचं.

उपाय केले की.
मेडिकलमधली पावडर. कापसाचा बोळा.
मेव्हण्याच्या सांगण्यावरून एकदा कानसही फिरवली,
चप्पल दुरुस्त करावी तशी.

मग पुतणीचा साखरपुडा.
'काका, माईक तुम्हीच घ्या, तुमच्यासारखा आवाज कुणाचा?'
मी म्हणालो, 'दोन्ही कुटुंबांच्या...'
आणि खालची कवळी माईकवर आदळली.
टक्.
कार्यालयाच्या चारी कोपऱ्यांतून टक्.
कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

अशोक चौकात, जिना चढून वर,
डॉक्टर रूपा येमूल.
कंडक्टर फाटकी नोट उजेडाकडं धरतो
तशी तिनं कवळी धरली.
'कानस कुणी लावली?'
मी मेव्हण्याचं पूर्ण नाव सांगितलं, पत्त्यासकट.
ती हसली. मग आरशात दाखवत म्हणाली,
'कवळी सैल झालेली नाही, काका.
तुमचं हाड झिजलंय. ते झिजतंच.
ही आहे तेवढीच आहे.'

दोन वर्षं जिला मी शिव्या घातल्या
ती आपल्या जागेवर होती.
मीच तिच्याखालून
थोडा थोडा निघून चाललो होतो.

गुलाबी लगदा, पुदिन्याचा वास.
चावा. गिळा. ई म्हणा. ऊ म्हणा.
माझ्या आजच्या तोंडाचा ठसा घेऊन
तो डबीत बंद करून म्हणाली, 'उद्या संध्याकाळी.'

त्या रात्री घरात बिनदातांचा मी.
सिद्धव्वाला हाक मारली
तर तोंडातून नुसतं वारं गेलं.
ती आतून म्हणाली, 'कुणाला बोलावताय?'
मी परत हाक मारली नाही.
भांडं वाजवलं.

दुसऱ्या दिवशी निळा कागद चावून घेतला,
जिथं डाग पडला तिथं मशीन फिरलं,
पुन्हा कागद, पुन्हा मशीन.
'आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा.'
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट...
शिट्टी नाही, टकटक नाही.
सदुसष्टला थांबलो.
'काय झालं? टोचतंय?'
'नाही,' म्हणालो, 'इथवर आलोय.'
सत्तरपर्यंत मोजूनच घेतलं तिनं.

घरी जायचं सोडून स्टँडवर गेलो.
काचेची खोली कुलूपबंद. आता मशीन बोलतं,
प्रत्येक गाव एकाच सुरात, कुठंच न थांबता.
बाकावरच्या म्हातारीला त्यातलं काही कळलं नव्हतं.
पिशवी सावरत तिनं विचारलं,
'दुधनी कुठं लागती, बाबा?'

मी ताठ बसलो.
जीभ दातांना टेकली.
'दुधनी,' म्हणालो, गरजेपेक्षा जरा मोठ्यांदा,
'फलाट क्रमांक नऊ.'
ती गेली. दोघंतिघं वळून बघत राहिले.

वर डाव्या बाजूला अजून एक जागा टोचते.
सोमवारी बोलावलंय.